सिएनाचा राजा नसलेला महाल

भारतातून कोणी इटलीला आलं की त्यांच्या यादीत रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस असतंच. मी हट्टाने आणखी एक गाव घुसवते, ते म्हणजे सिएना. फ्लॉरेन्सहून बसने सव्वा-दीड तासात पोचता येतं, आणि तिथला पालात्झो पुब्लिको, म्हणजे गावाचा कारभार चालवायचा महाल, बघायलाच हवा.

समोरचं कॅम्पो हे मैदान सुपासारखं महालाकडे उतरत जातं. विटांच्या फरसबंदीचे नऊ भाग केलेत, कारण 1287 ते 1355 या काळात गावावर नऊ जणांच्या मंडळाची सत्ता होती. हे बहुतेक व्यापारी-सावकार. बड्या सरदार घराण्यांना मंडळात बंदी. मुदत फक्त दोन महिन्यांची, आणि तेवढे दिवस त्यांनी महालातच राहायचं. बाहेरच्यांनी कान भरू नयेत म्हणून. मला ही कल्पना भलतीच आवडते.

बांधकाम 1297 च्या सुमारास सुरू झालं. खालचा मजला दगडी, वर लाल विटा, आणि दर्शनी भिंत मैदानाच्या गोलाईला साथ देत किंचित आत वळलेली. खिडक्या तीन-तीन कमानींच्या, मधे बारीक खांब. 1297 मध्येच नियम झाला, की कॅम्पोकडे तोंड असलेल्या घरांच्याही खिडक्या अशाच खांबांच्या हव्यात आणि पुढे सज्जे काढायचे नाहीत. मैदान आजही एकसंध दिसतं, त्यात या नियमाचा मोठा वाटा आहे. दोन्ही बाजूंचे वरचे मजले मात्र 1680 मध्ये चढवलेले.

आत, नऊ जण बसायचे त्याच दालनात चित्रकार आंब्रोजो लोरेन्झेत्तीने 1338-39 मध्ये तीन भिंतींवर सुशासन आणि कुशासन रंगवलं. इथे वेळ काढून थांबा. एका भिंतीवर गवंडी परांचीवर चढून काम करतायत, दुकानं उघडी आहेत, रस्त्यात नाच चाललाय, वेशीबाहेर शेतं पिकली आहेत. समोर शिंगं असलेला जुलमी राजा आणि त्याच्या पायाशी बांधलेली न्यायदेवता. हीच भिंत जास्त खराब झाली आहे. माझं लाडकं पात्र मात्र सलोख्याची देवी. तिच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे, उंचसखल सगळं सारखं करायला! तिच्या हातून निघालेला दोर चोवीस नागरिकांनी धरलाय. निर्णय घेणाऱ्यांना मान वर केली की हे दिसणार, अशी ही सोय.

शेजारच्या 87 मीटर उंच मनोऱ्याचं नाव तोर्रे देल मांजा. पहिल्या घंटा वाजवणाऱ्याला लोक ‘कमाई खाऊन टाकणारा’ म्हणून चिडवायचे, त्याचंच नाव मनोऱ्याला चिकटलं. मंडळातल्या नऊ जणांची नावं आज कोणाला आठवतात? वर जायला चारशेच्या आसपास अरुंद पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर राहू द्या.

मनोरा 1348 मध्ये पुरा झाला आणि त्याच वर्षी प्लेग आला. गावाची निम्म्याहून अधिक वस्ती गेली, लोरेन्झेत्तीही बहुधा त्यातच गेला. मनोऱ्याच्या पायथ्याची संगमरवरी देवळी ही साथ सरल्यावर फेडलेला नवस आहे. 1355 मध्ये मंडळाची सत्ता उलथली. महाल चालू राहिला: वर संग्रहालय आहे आणि बाकीच्या भागात आजही नगरपालिकेचं काम चालतं.