दरड न पडलेल्या दिवशी

ग्लासगो ते ओबान हा दिवस कागदावर सोपा दिसतो. लॉख लोमंड सरोवराच्या काठाने टार्बेटपर्यंत जायचं, तिथून डावीकडे ए८३ रस्ता धरून घाट चढायचा, इनव्हररीचा किल्ला, जेवण, संध्याकाळी ओबान. आमच्या ऑफिसात आयटिनररी लिहिणारी मंडळी मॅपवरची मिनिटं बघतात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याचा पाऊस त्या मिनिटांत कुठेच नसतो.

या घाटाचं नाव रेस्ट अँड बी थँकफुल. वरच्या डोंगरउतारावरून दगडमाती पुन्हा पुन्हा खाली येते, म्हणून रस्त्यालगत मोठाले खड्डे खणून ठेवलेत, वर जाळ्या बसवल्यात. तेवढ्यानेही भरवसा वाटेना की मुख्य रस्ता बंद करतात आणि दरीच्या तळातल्या जुन्या लष्करी रस्त्यावरून गाड्या सोडतात. अठराव्या शतकात सैनिकांनी बांधलेला हा रस्ता एकेरी आहे. पुढे पायलट गाडी, मागे रांग. एकदा चढणाऱ्यांची, एकदा उतरणाऱ्यांची. परवा आम्ही त्याच रांगेत उभे होतो.

रांगेत टूर मॅनेजरचं खरं काम सुरू होतं. चिवडा फिरवायचा, बाथरूम कधी ते सांगायचं, आणि ड्रायव्हरच्या तासांवर नजर ठेवायची. इथे साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटांचा ब्रेक सक्तीचा. तो तोडून घ्यायचा तर आधी पंधरा, मग तीस; उलटं चालत नाही. मागच्या सीटवरून सूचना आलीच, “गाडी उभीच आहे, म्हणजे याचा ब्रेक झाला की!” नाही झाला. रांग कधी हलेल या तयारीत स्टिअरिंगशी बसलेला माणूस कायद्याने कामावरच असतो, आणि टॅकोग्राफ, म्हणजे ड्रायव्हरचे तास नोंदवणारं गाडीतलं यंत्र, तेच नोंदवतो. हे मी प्रत्येक ग्रुपला समजावते आणि प्रत्येक ग्रुपला ती पळवाट वाटते.

आमची पाळी आली आणि पिवळ्या जाकिटातला माणूस खिडकीशी येऊन म्हणाला, पावसाचा जोर वाढणार आहे, आता जुना रस्ताही बंद. आमच्या पुढची कॅराव्हॅन नुकतीच गेली होती.

बसमध्ये जे व्हायचं ते झालं. “ती सोडली, आपल्याला का नाही?” “एक दगड तरी पडलाय का?” “जरा बोलून बघा ना त्यांच्याशी, तुम्ही टूर मॅनेजर ना?”

पहिल्या सीटवरचे काका निवृत्त सरकारी इंजिनीअर. टूरभर काकूच बोलत होत्या. काकांनी मला त्या माणसाला विचारायला सांगितलं, रस्ता बंद करायचं कशावरून ठरवता? तो म्हणाला, हवामानाचा अंदाज आणि डोंगरावर लावलेली यंत्रं. “म्हणजे पडायच्या आधीच बंद करतात,” काका पुटपुटले, आणि त्यांनी माझ्याकडे माईक मागितला.

“कोकणातल्या एका घाटावर होतो मी. एका रात्री उतारातून झिरपणारं पाणी एकदम गढूळ झालं. ते चांगलं लक्षण नसतं. मी आडवा बांबू टाकून रस्ता बंद केला. लग्नाचं वऱ्हाड अडकलं, फोनवर फोन आले. शेवटी मी बांबू काढायला लावला. सगळ्या गाड्या सुखरूप गेल्या. काही झालं नाही.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मग बरोबरच केलंत की!”

“तेच मला अजून ठरवता येत नाही,” म्हणत काकांनी माईक परत दिला.

आमच्या ड्रायव्हरने जंगलाच्या फाटकापाशी एवढी लांब गाडी तीन टप्प्यांत वळवली, आरशांवर पाणी ओघळत असताना. टाळ्या मिळायला हव्या होत्या. मिळाला तो “आता किल्ला गेला” हा सूर. टार्बेटला परत, मग ए८२ने क्रिएनलारिक, टिंड्रम. टार्बेटच्या पुढे सरोवर आणि कडा यांच्यात रस्ता इतका चिंचोळा आहे की समोरून दुसरा कोच आला की दोघांना जवळजवळ थांबावंच लागतं. ब्रेक टिंड्रमला घेतला, पूर्ण पंचेचाळीस मिनिटांचा. लॉख ऑ सरोवराच्या काठी क्रुआखनचं डोंगराच्या पोटातलं वीजघर आलं. १९६५ साली सुरू झालेलं. वीज स्वस्त असताना पाणी वरच्या धरणात चढवतात, मागणी वाढली की खाली सोडतात. “आपलं घाटघर!” काका ओरडलेच; सह्याद्रीतलं तेही असंच वीजघर. फोटो त्यांच्याशिवाय कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याआधी मी रस्त्याची स्थिती पाहिली. जुना रस्ता पुन्हा चालू होता. रात्रभरात दरड पडलीच नव्हती. नाश्त्याच्या टेबलावर ही बातमी माझ्याआधी पोहोचलेली. “बघा, उगाच अडवलं.” काका टोस्टला लोणी लावत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. मला त्यांच्या बाजूने काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांची बाजू नेमकी कुठली, तेच कळेना.

किल्ल्याच्या तिकिटांचे पैसे परत मागायचे होते, म्हणून ऑफिसला रस्ता बंद असल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. उलट मेल आला, “पण दरड प्रत्यक्षात पडली होती का? क्लेमसाठी विचारतोय.”

नाही, असं कळवलं. क्लेमवर अजून उत्तर नाही.