इडलीचं पीठ, बरणी क्र. ११: लिंबाने सोडवलेला तिढा

पीठ आंबताना त्यातले जिवाणूंचे गट एकमेकांना थेट अडवतात, की साचलेलं आम्ल त्यांना अडवतं? मागच्या नोंदीत इथे अडलो होतो, ती गाठ या आठवड्यात बरीचशी सुटली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: इडलीच्या पिठात आपण विरजण घालत नाही, जिवाणू डाळ-तांदळाबरोबरच येतात. आधी ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जिवाणू जोर धरतो. तो लॅक्टिक आम्लासोबत कार्बन डायऑक्साइडही सोडतो, पीठ फुगतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. मागोमाग एंटेरोकॉकस फीकॅलिस, आणि उशिरा, पीठ चांगलं आंबट झाल्यावर, पेडिओकॉकस. मी गणिती प्रतिमानात (मॉडेलमध्ये) दोनच गट धरलेत, फुगवणारे आणि आंबवणारे. मोजतो फक्त पिठाची उंची आणि पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं पीठ आंबट), दर तासाला.

पहिल्या दहा बरण्यांना लोटका-व्होल्टेराची स्पर्धेची समीकरणं लावली, म्हणजे दोन गट एकमेकांची वाढ कशी रोखतात ते मांडणारी. प्रत्येक गटाला वाढीचा दर, कमाल संख्या आणि 'दुसऱ्याचा मला किती त्रास' हा गुणक. आलेख सुंदर जुळले, आणि तिथेच मला शंका आली. आंबवणाऱ्यांचा फुगवणाऱ्यांना होणारा त्रास ०.६ धरला काय नि १.८ धरला काय, वाढीचे दर थोडे हलवले की वक्र तोच! उंची आणि पीएच यांवरून कोणता गट किती आहे हे वेगळं काढताच येत नाही.

मग दुसरं प्रतिमान लिहिलं. त्यात गटांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. दोघेही आम्ल तयार करतात, साचलेलं आम्ल दोघांची वाढ रोखतं, फुगवणाऱ्यांची आधी. तेही तितकंच जुळलं. आता खरं कोणतं?

इथे लिंबू कामी आलं. एकाच पिठाच्या दोन बरण्या, दोन्ही २९ अंशांना. एक साधी, सुरुवातीचा पीएच ६.१. दुसरीत लिंबू पिळून तो ५.२ वर आणला. स्पर्धेच्या समीकरणांत आम्ल हा शब्दच नाही, म्हणजे दोन्ही बरण्या सारख्याच फुगायला हव्यात. साधी बरणी ४ सेंटिमीटरवरून ९.४ पर्यंत चढली. लिंबाची ६.३ वर थांबली आणि बसायला लागली. आम्लाच्या प्रतिमानाने आदल्या रात्रीच ६.८ सांगितलं होतं. सकाळी फूटपट्टी लावताना अक्षरशः हात थरथरत होता.

दोन गोष्टी मात्र टोचतात. लिंबात सायट्रिक आम्ल असतं, आणि ल्युकोनोस्टॉक सायट्रेट (त्याच आम्लाचं पिठातलं रूप) वापरूही शकतो, त्यातूनही वायू निघतो. म्हणजे मी नुसता पीएच बदलला नाही, त्याला खाऊही दिला. शिवाय फेस धरून ठेवतात ती उडदातली प्रथिनं आणि चिकट कर्बोदकं. आम्लाने तीच बिघडली असतील, तर वायू तेवढाच तयार होऊनही उंची कमी दिसेल.

म्हणून बारावी बरणी खाण्याच्या प्रतीच्या लॅक्टिक आम्लाची. झाकणाला नळी लावून पळालेला वायू पाण्याखाली उलट्या धरलेल्या मोजपात्रात गोळा करणार आहे. डाळ भिजत घातली आहे.