आमची वाटचाल : आग्नेय आशियातल्या खाऊगल्ल्यांच्या वाटेने

ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या कार्यालयातून मी, माझी पत्नी आणि दोन सहकारी असे चौघे मिळून सिंगापूर, मलेशियातले पिनांग आणि बँकॉक या तीन ठिकाणांच्या सहली आखतो. एका सहलीत बारापेक्षा अधिक प्रवासी आम्ही घेत नाही. सकाळच्या न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत बहुतेक वेळा आम्ही तिथले कामगार, विद्यार्थी, कारकून आणि संसारी माणसे रोज जिथे जेवतात, त्या स्वस्त ठेल्यांवरच जेवतो. आमच्या व्यवसायाचे वेगळेपण एवढेच आहे आणि आजवर जे काही उभे राहिले ते याच एका आग्रहावर उभे राहिले.

स्वतःची संस्था काढण्यापूर्वी मी अनेक वर्षे टूर मॅनेजर म्हणून नोकरी केली. त्या काळात रोज संध्याकाळी आमची बस एखाद्या भारतीय उपाहारगृहासमोर थांबत असे आणि डाळ, जिरा राईस, पनीरची भाजी व गुलाबजाम असे जेवण उरकून मंडळी हॉटेलवर परतत. त्या व्यवस्थेला मी नावे ठेवणार नाही, कारण वयस्कर माणसांना आणि पथ्य असणाऱ्यांना तिचा खरोखरच आधार वाटतो. परंतु त्याच उपाहारगृहापासून दोन चौक पलीकडे शेकडो लोक चार-पाच सिंगापूर डॉलरमध्ये ताजे, समोर शिजवलेले अन्न आनंदाने खात असत, आणि एवढ्या दूरवर पैसे खर्चून आलेल्या आपल्या माणसांना त्याचा वासही लागत नसे, याची मला फार हळहळ वाटे. त्या हळहळीतूनच २०१५ साली आम्ही पहिला लहानसा गट घेऊन सिंगापूरला गेलो.

सिंगापूरपासून सुरुवात करण्याचा निर्णय पूर्ण विचारांती घेतला होता. मराठी कुटुंबांना परदेशात रस्त्यावरच्या खाण्याबद्दल विचारले की पहिली शंका स्वच्छतेची येते आणि ती रास्तच आहे. या शंकेचे सर्वांत चांगले उत्तर सिंगापूरच्या इतिहासात आहे. १९६८-६९ मध्ये तिथल्या सरकारने शहरभरच्या फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना रस्त्यांवरून हलवून छप्पर, नळाचे पाणी, वीज, सांडपाण्याची व्यवस्था आणि सामायिक टेबले असलेल्या हॉकर सेंटरांमध्ये जागा दिल्या. फेरीवाल्याला हुसकावून लावायचे नाही, तर त्याचा पदार्थ, त्याचे गिऱ्हाईक आणि त्याची कमाई शाबूत ठेवून त्याला पाणी आणि गटार द्यायचे, हा त्यामागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो. पुढे १९९७ पासून प्रत्येक ठेल्याला स्वच्छतेची ए, बी, सी, डी अशी श्रेणी देऊन तिचा फलक दर्शनी भागावर लावण्याची पद्धत तिथे सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत घरोघरी बैठका घेताना मी हाच इतिहास सांगत असे, आणि तो ऐकून झाल्यावर बहुतेकांची भीती निम्मी तरी कमी होत असे.

आज सिंगापुरात शंभराहून अधिक हॉकर सेंटर आहेत. आमचा मुक्काम बहुधा लिटल इंडियाच्या परिसरात असतो आणि पहिली न्याहारी टेक्का सेंटरमध्ये होते, कारण तिथे तमिळ, मलय आणि चिनी ठेले एकाच छपराखाली आहेत आणि नवख्या माणसाला ओळखीच्या डोशापासून अनोळखी नूडल्सपर्यंत आपल्या गतीने जाता येते. दुसऱ्या दिवशी आम्ही मॅक्सवेल फूड सेंटर किंवा चायनाटाउन कॉम्प्लेक्स गाठतो. त्यांपैकी दुसऱ्या ठिकाणी दोनशेहून अधिक ठेले असल्याने पहिल्यांदा येणारा माणूस गोंधळतो, म्हणून तिथे गट कधीच मोकळा सोडत नाही. संध्याकाळी १८९४ सालच्या ओतीव लोखंडी खांबांच्या लाउ पा सात बाजाराशेजारचा रस्ता वाहनांना बंद होतो आणि कोळशावर साते, म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे, भाजणारे ठेले मांडले जातात. मांसाहारी मंडळींचे ते एक जेवण ठरलेलेच असते.

या ठिकाणी जेवायचे काही रिवाज आहेत आणि ते प्रवाशांना विमानात बसण्यापूर्वीच समजावून सांगितले पाहिजेत, असा आमचा अनुभव आहे. रिकाम्या टेबलावर टिश्यूपेपरचे पाकीट ठेवलेले दिसले तर ती जागा कोणीतरी धरून ठेवली आहे असे समजावे. ते पाकीट बाजूला सारून बसणे तिथे अत्यंत असभ्य मानले जाते. पेयांचा ठेला वेगळा असतो. तिथे नुसते ‘कोपी’ म्हटले तर गोड आटवलेल्या दुधाची कॉफी मिळते, ‘कोपी ओ’ म्हटले तर बिनदुधाची साखर घातलेली, आणि शेवटी ‘कोसोंग’ जोडले तर बिनसाखरेची. मधुमेह असलेल्या आमच्या काका-काकूंना हा एक शब्द आम्ही आधी पाठ करायला लावतो. जेवण झाल्यावर ट्रे आपणच उचलून ठेवायचा असतो आणि सप्टेंबर २०२१ पासून त्यासाठी दंडाचीही तरतूद आहे. हलाल आणि इतर ट्रे ठेवण्याच्या जागा अनेक ठिकाणी वेगळ्या असतात. तो भेद पाळणे म्हणजे शेजारी बसून जेवणाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे होय, आणि आमच्या गटातील प्रत्येकाने तो कटाक्षाने पाळावा असा आमचा नियम आहे.

आता मी ज्या विषयावर सर्वाधिक कष्ट घेतले त्याकडे येतो. आमच्याकडे येणाऱ्यांत शाकाहारी मोठ्या संख्येने असतात, आणि आग्नेय आशियातील ठेल्यावर ‘मांस नको’ एवढे सांगून शाकाहार साधत नाही. पिनांगच्या तव्यावर परतलेल्या ‘चार क्वे त्याओ’ नावाच्या तांदळाच्या नूडल्समध्ये डुकराची चरबी असू शकते. मलय पद्धतीच्या भाज्यांमधल्या मिरचीच्या वाटणात बलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. फळांच्या रोजाक नावाच्या कोशिंबिरीवर काळी कोळंबीची चटणी ओततात, आणि बँकॉकच्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत माशांपासून केलेले नाम प्ला हटकून असते. विक्रेता फसवत नसतो. त्याच्या दृष्टीने ते मीठमसाल्याचे जिन्नस आहेत आणि भाजीचा पदार्थ भाजीचाच राहतो. म्हणून आम्ही कोंबडीच्या रश्शापासून ऑयस्टर सॉसपर्यंत प्रत्येक जिनसाचे नाव चिनी, मलय आणि थाई भाषेत छापलेले कार्ड तयार केले. ठेलेवाल्या बाई किंवा आजोबा ते शांतपणे वाचतात, एखाद्या नावावर बोट ठेवून मान हलवतात, आणि मग काय खाता येईल ते स्वतः सुचवतात.

परंतु कार्डापेक्षा मोठी मदत झाली ती तिथल्या बौद्ध आणि ताओ परंपरेतल्या शाकाहाराची ओळख झाल्यामुळे. चिनी वंशाचे अनेक लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, मांसाहार वर्ज्य करतात. सिंगापूरच्या बहुतेक हॉकर सेंटरमध्ये शाकाहारी पदार्थांचा एखादा तरी चिनी ठेला असतो आणि त्या दिवशी त्याच्यापुढे मोठी रांग लागते. तांदळाच्या बारीक शेवयांवर परतलेला कोबी, तळलेले टोफू आणि गव्हाच्या ग्लुटेनचे तुकडे अशी ही थाळी पोटभर होते आणि खिशालाही जड जात नाही. ग्लुटेनचे तुकडे दिसायला मांसासारखे असतात, त्यामुळे कित्येकांचा हात थबकतो. अशा वेळी आग्रह न करता ते बाजूला काढून द्यायला आम्ही सांगतो, कारण ज्याला जे रुचत नाही ते त्याच्या ताटात पडू नये, असे मी मनापासून मानतो.

त्याहून विलक्षण योग नवरात्रीचा आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस पिनांग, फुकेत आणि बँकॉकमध्ये नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो आणि त्या काळात असंख्य ठेल्यांवर लाल अक्षरांच्या पिवळ्या पताका लागतात. ती ‘जे’ आहाराची खूण असते. मांस, मासे, अंडी, दूधच नव्हे तर कांदा-लसूणही त्या स्वयंपाकात चालत नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी हा उत्सव घटस्थापनेच्याच दिवशी सुरू झाला. २०२५ मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना आल्याने तो आपल्या नवरात्रीनंतर महिनाभराने आला, त्यामुळे दरवर्षी दोन्ही पंचांगे शेजारी ठेवूनच तारखा ठरवाव्या लागतात. कांदा-लसूण न खाणाऱ्या आमच्या प्रवाशांना, एरवी ज्या गल्लीत एकही पदार्थ चालत नाही त्या गल्लीत सलग नऊ दिवस ठेल्यामागून ठेले मोकळे मिळतात. बटाटा-गाजरासारखी कंदमुळे मात्र त्या आहारात चालत असल्याने जैन प्रवाशांसाठी ती नावे कार्डावर वेगळी छापली आहेत.

मासे खाणाऱ्या कोकणी मंडळींना मी सिंगापूरपेक्षा पिनांगला नेणे अधिक पसंत करतो. जॉर्ज टाउनची २००८ साली जागतिक वारसा म्हणून नोंद झाली, पण जुन्या वाड्यांइतकेच तिथले आसाम लाक्सा, म्हणजे माशाच्या आंबट रश्श्यातल्या नूडल्स, पाहण्या-चाखण्यासारखे आहे. त्याच्या रश्श्यात शिजवून कुसकरलेला केम्बुंग मासा म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा, आणि आंबटपणासाठी चिंचेबरोबर घातली जाणारी वाळलेली फोड कोकमाच्याच वंशातल्या फळाची असते. हे सांगितल्यावर मालवण-वेंगुर्ल्याकडची माणसे ज्या आपुलकीने तो वाडगा जवळ ओढतात ते बघत राहावेसे वाटते. जवळच तमिळ मुसलमानांच्या नासी कांदारच्या खाणावळी आहेत. त्यांचे पूर्वज खांद्यावरच्या काठीला दोन टोपल्या अडकवून बंदरातल्या हमालांना भात आणि कालवण विकत असत. आज तिथे भातावर चार प्रकारचे रस्से एकमेकांत मिसळून वाढतात. चार क्वे त्याओ मात्र एकेक ताट परतूनच होते, जोरदार आचेवर अधिक प्रमाण घातले तर ते बिघडते. बारा जणांना एकदम वाढा असे तिथे सांगणे योग्य नाही, म्हणून आम्ही गट तीन-चार ठेल्यांवर विभागतो.

बँकॉक या तिघांत सर्वांत अवघड. तिथले ठेले आजही मोठ्या प्रमाणात पदपथावर आहेत, महापालिकेच्या मोहिमांनुसार ते हटतात किंवा गल्ली बदलतात, आणि गेल्या वर्षीची यादी या वर्षी उपयोगाला येईलच असे नाही. त्यामुळे प्रत्येक सहलीपूर्वी आमचा एक सहकारी आधी जाऊन यावरात ही तिथली चिनी वस्ती आणि आसपासच्या गल्ल्या पायी फिरून येतो. पाणी बाटलीचे प्यावे, बर्फ मध्ये भोक असलेल्या नळकांड्यांचा, म्हणजे कारखान्यातून आलेला असावा, आणि ज्या ठेल्यावर शेजारच्या कचेरीतली माणसे रांगेत उभी आहेत तिथेच बसावे, एवढी पथ्ये पाळली तर पोट बिघडण्याचे प्रसंग फार क्वचित येतात.

२०१६ साली चायनाटाउन कॉम्प्लेक्समधल्या सोया सॉसमधल्या कोंबडीच्या एका ठेल्याला मिशेलिन या उपाहारगृहांच्या नामांकित मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. अवघ्या दोन डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या ताटाला हा मान मिळाल्याची बातमी आपल्याकडेही पोहोचली. त्यानंतर आमच्याकडे चौकशी वाढली आणि अनेकांना तोच ठेला हवा असे. तासन् तास रांगेत उभे राहून एक ताट मिळवण्यापेक्षा त्याच वेळात चार अनाम ठेल्यांवर जेवावे, असा सल्ला आम्ही तेव्हाही दिला आणि आजही देतो. त्या चार ठेल्यांवरच्या माणसांनीही तीस-तीस वर्षे एकच पदार्थ घोटलेला असतो.

मार्च २०२० मध्ये सर्व काही थांबले. भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा २६ मार्च २०२२ पर्यंत बंद होती आणि त्या काळात आमचे उत्पन्न शून्यावर आले. प्रवाशांची आगाऊ रक्कम परत केली, कार्यालयाची एक खोली सोडली आणि पत्नीने घरून तांदळाच्या नूडल्सचे व शाकाहारी लाक्साचे डबे देण्यास सुरुवात केली. त्याच डिसेंबरात, २०२० साली, सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. ज्या ठेल्यांवर आमचा संसार उभा होता त्यांना मिळालेला तो मान आम्हाला त्या दिवसांत फार मोठा आधार देऊन गेला. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिल्यावर व्यवसाय पुन्हा नीट मार्गी लागला.

सध्या मला चिंता वाटते ती ठेलेवाल्यांच्या वयाची. सिंगापूरच्या हॉकरांचे वय सरासरीने साठीच्या आसपास आहे, पहाटे उठून दिवसभर चुलीपाशी उभे राहण्याचे काम पुढच्या पिढीला नकोसे वाटते, आणि ज्यांच्याकडे आमचे पहिले गट जेवले त्यांपैकी काही ठेल्यांच्या झडपा आता कायमच्या बंद आहेत. लोक चार-पाच डॉलरच्या ताटाला स्वस्त म्हणतात, पण त्या स्वस्ताईचा भार कुणाच्या पाठीवर आहे हे आमच्या प्रवाशांना ठाऊक असावे असे मला वाटते. म्हणून आम्ही भावात घासाघीस करू देत नाही, कोणत्याही ठेल्याकडून कमिशन घेत नाही, गर्दीच्या वेळी गट नेत नाही आणि विचारल्याशिवाय छायाचित्र काढू देत नाही.

यंदापासून पिनांगची एक सहल खास नऊ सम्राट देवांच्या उत्सवाच्या नऊ दिवसांसाठी राखून ठेवली आहे. तिच्या माहितीपत्रकात प्रत्येक पदार्थासमोर त्यातले जिन्नस, तिखटाचे प्रमाण आणि अंदाजे किंमत मराठीत छापली आहे, आणि ज्येष्ठांसाठी बसायला पाठीची खुर्ची असलेले ठेले वेगळे दाखवले आहेत. सहलीला न येणाऱ्यांनाही हे पत्रक आणि तीन भाषांमधले कार्ड आमच्या कार्यालयातून विनामूल्य मिळते.