मनीचं नाक चोंदलं तेव्हा

बाजाराची पिशवी दारात टेकवायच्या आत सुकटीच्या वासावर धावत येणारी आमची मांजर मनी त्या दिवशी खाटेखालून हललीच नाही. आदल्या रात्री अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजली होती. सासूबाई म्हणाल्या, "धूर लागना व्हई तिले." मलाही पटलं.

सकाळी शिंका सुरू झाल्या, नाकातून पिवळा शेंबूड, डोळ्यांत चिपडं. वाटीपाशी यायची, तोंड पुढे करायची नि मागे फिरायची. मला नखरे वाटले. नाक ओलं लागलं, म्हणून ताप नाही असं मीच ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशीही उपास, तेव्हा मात्र धीर सुटला.

अमळनेरहून धुळ्याला एसटीने नेलं, भोकं पाडलेल्या खोक्यात. ताप १०४ निघाला. ओल्या नाकावरून ताप कळत नाही, हे तिथे समजलं.

डॉक्टर म्हणाले, हा मांजरांचा फ्लू, बहुतेक हर्पिस विषाणूचा. माणसांना लागत नाही. "ती रुसलेली नाही हो, तिला अन्नाचा वासच येत नाहीये. मांजर आधी नाकाने जेवतं." गोड चव तर मांजरांना कळतच नाही म्हणे, मी दोन दिवस बिस्किटं पुढे करत होते! मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं, हे ऐकून माझेच हातपाय गार पडले.

घरी आल्यावर न्हाणीत कढत पाण्याची बादली ठेवून, दार लावून, तिला मांडीवर घेऊन दहा-दहा मिनिटं बसायचं, दिवसातून तीनदा. मग कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक पुसायचं. सासूबाई बाम घेऊन आल्या, तो मी लपवून ठेवला. बामातला कापूर मांजरांना विषारी, आणि पॅरासिटामॉल तर जीवच घेतं. गोळी दिली की वर सिरिंजने थोडं पाणी, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. ओरखडे माझ्या हातावर अजून आहेत.

चिकन कांदा-लसूण-मीठ न घालता उकडलं, कुस्करलं आणि वाटी गरम पाण्यात ठेवून अंगाइतकं कोमट केलं, वास उठावा म्हणून. पहिल्या रात्री बोटावरचं जरासं चाटलं, बस. तिसऱ्या दिवशी वाटी चाटूनपुसून साफ.

हा विषाणू अंगात दडून राहतो, ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. लस बरी झाल्यावर द्यायची ठरलीय. धुळ्याला पुन्हा त्याच खोक्यातून नेणार होते, पण ते तिने कुरतडून ठेवलंय.