तुम्ही विचारलंत म्हणून : उसाच्या फडातल्या आईला गृहपाठ कसा कळवायचा?

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चहाची सुट्टी झाली की कुणीतरी नवा शिक्षक मला गाठतोच. प्रश्न ठरलेला. "बाई, तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईबाप दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत ऊसतोडीला. मागं राहिलेल्या आज्यांना वाचता येत नाही. मग वर्गात काय शिकवलं, गृहपाठ काय दिला, हे रोज तुम्ही कळवता तरी कुणाला? आणि कशासाठी?" चहा पिता पिता याचं उत्तर अर्धंच होतं, म्हणून आज बसून लिहिते आहे.

माझी शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. दसरा झाला की मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या गावात लागतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोचा एक कोयता धरून टोळ्या कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे नाहीतर बेळगावकडे निघतात. काही मुलं बरोबर जातात, त्यांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं. बाकीची आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलाचा 'पालक' सहा महिने तीनशे किलोमीटरवर असतो आणि त्याच्या वहीवर अंगठा करते ती आजी.

सुरुवातीची दोन वर्षं मीही सगळ्यांसारखंच करत होते. वहीच्या शेवटच्या पानावर सूचना लिहायची : 'सात व आठचे पाढे पाठ करून घ्यावेत. पालकांची सही.' एकदा सकाळी प्रार्थनेच्या आधीच एक आजी वस्तीवरून चालत आली. दीड-दोन किलोमीटर तरी असेल. पदराखाली नातवाची वही धरलेली. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, लेकरानं काय केलं? तांबड्या शाईनं लिवलंय म्हणून मला रातभर झोप न्हाई." मी वही उघडली. तांबड्या शाईत माझ्याच हातानं पाढ्यांचं लिहिलेलं होतं. आजीनं नातवाला विचारलं होतं, पण तो घाबरून काहीच बोलला नव्हता. मग तिनं मनानंच ठरवलं की पोराचं नाव शाळेतून काढणार.

तिला मी खुर्चीवर बसवलं. "आजी, सातचा पाढा म्हणून घ्या एवढंच लिहिलंय," म्हणून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मग तोंडी सांगायचं का न्हाई बाई? मला तर सातचा पाढा येतोय." आणि तिनं तो म्हणून दाखवला. बाजाराच्या हिशोबाच्या लयीत, सात साते एकुणपन्नास, कुठंही न अडखळता.

मी आज जे काही करते, त्याची सुरुवात त्या सकाळची आहे. मी निरोप पाठवत होते, पण तो जिच्याकडे जायचा तिच्याकडे काय आहे हे मी विचारलंच नव्हतं.

आता रोजचं सांगते. शाळा सुटायला दहा मिनिटं असताना चौथीतली दोन मुलं बाहेर जातात. आमच्या शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर मी काळा फळा रंगवून घेतला आहे. पाण्याच्या टाकीवर जाणारं प्रत्येक माणूस तिथूनच जातं. त्यावर मुलं त्यांच्या शब्दांत लिहितात की आज काय शिकलो. मी सांगत नाही, फक्त शुद्धलेखन बघते, आणि तेही मुलांनी विचारलं तर. 'आज आम्ही दशक मोडून वजाबाकी केली.' 'आज आम्ही पानांच्या शिरा बघितल्या. पिंपळाच्या जाळीसारख्या, ज्वारीच्या सरळ.' ज्यांना वाचता येतं ते मोठ्यानं वाचतात, ज्यांना येत नाही ते ऐकतात. पारावर बसलेले आजोबा संध्याकाळी पोराला हटकतात, "काय रे, दशक मोडलं का तुला?" हा प्रश्न ज्याला विचारला गेला ते मूल घरी जाऊन वही उघडतं, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. या फळ्याला रोजचा एक खडू लागतो, बाकी काही नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. टाळेबंदीत २०२० मध्ये आपण सगळ्यांनीच व्हॉट्सअॅपचे गट केले. लांबलचक पीडीएफ पाठवल्या, व्हिडिओ पाठवले. आमच्या पालकांचा डेटा त्यातच संपायचा. तेव्हापासून मी लिहून पाठवणं बंद केलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास एक आवाजी निरोप जातो, चाळीस सेकंदांचा. आधी आज काय झालं ते, मग मुलाला विचारायचा एक प्रश्न. उदाहरणार्थ मागच्या हिवाळ्यातला एक निरोप असा होता : "राम राम. आज तिसरीनं ५२ मधून २७ काढले. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाच दशकांतलं एक दशक सुटं केलं. आज फोन झाला तर लेकराला एवढंच विचारा, दहा सुटे कुठून आणलेस?" आठवड्यातून दोनदा माझ्याऐवजी मूलच बोलतं. पोराचा आवाज म्हटल्यावर आई तो निरोप चार-चार वेळा ऐकते.

वेळेचंही सांगते, कारण त्यावर मी बरीच चुकले आहे. दुपारी पाठवलेला निरोप कुणी ऐकत नाही. फडात तेव्हा हातात कोयता असतो. पहाटे अंधारात उठून कामाला लागलेली बाई रात्री कोपीपुढं, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढं, चूल पेटवते, भाकरी थापते, तेव्हा फोन जवळ असतो. तो आठ-साडेआठचा काळ धरायचा. तोही रोज मिळत नाही. गाडी भरायला रात्री बोलावणं आलं तर तो दिवस गेलाच. म्हणून निरोप असा हवा की दोन दिवसांनी ऐकला तरी शिळा होऊ नये. 'उद्या रंगीत कागद आणणे' असला निरोप फडातल्या आईला पाठवून तिच्या जिवाला घोर लावण्यात काय अर्थ आहे? ते मी गावातल्या माणसालाच सांगते.

त्या वजाबाकीच्या निरोपानंतर तिसऱ्या दिवशी एका आईचा उलटा निरोप आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, मधे वाऱ्याचा. "बाई, मी त्याला सांगितलं आज १४० मोळ्या झाल्या, काल ११५ झाल्या. तर म्हणतोय, थांब आई, वजा करतो. पंचवीस जास्ती निघाल्या म्हणला. बरोबर हाय का वो?" बरोबरच होतं. शून्यातून पाच जात नाहीत म्हणून त्यानं दशक मोडलं होतं, फोन कानाला धरून, कागदाशिवाय. दुसऱ्या दिवशी मी तो निरोप वर्गात ऐकवला. मग सगळ्यांनाच आपल्या आईच्या मोळ्या हव्या झाल्या. त्या आठवड्यात मी वेगळा गृहपाठ दिलाच नाही. मोळ्या, टनाचा भाव, किराण्याची उधारी, सगळं मुलांच्या वहीत आलं. आणि जी माणसं 'आमाला काय कळतंय शाळेतलं' म्हणायची, ती गणितं पाठवायला लागली.

गृहपाठाबद्दल एक गैरसमज आहे, तो इथंच बोलते. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं म्हटलं आहे. मला ते पटतं. पण पालक मात्र उलट मागतात. "शेजारच्या गावातली इंग्लिश शाळेची पोरं रातच्याला दहापर्यंत लिहितात, आमचं पोरगं मोकळंच." या माणसांवर मी चिडत नाही. ज्याला अभ्यासाच्या आत डोकावता येत नाही, त्याला भरलेली पानंच दिसतात. त्याला दुसरं काहीतरी दिसेल असं करणं माझं काम आहे. म्हणून मी दहा वेळा लिहून आणायला लावत नाही. मी देते ते असं असतं की त्यात घरचं माणूस लागतंच : आजीकडून एक म्हण आण, आजोबांना विचार की विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं, दुकानातल्या तीन वस्तूंचं वजन वाचून ये. हे करताना मूल घरी बसून अभ्यास करतंय हे आजीला दिसतं, कारण ती स्वतः त्यात असते.

एक चूक सांगितलीच पाहिजे. गट नवा होता तेव्हा मी एकदा गृहपाठ न केलेल्या मुलांची नावं गटावर टाकली. मनात काही वाईट नव्हतं, वाटलं पालक लक्ष देतील. एका मुलीचं नाव तिच्या वडिलांना टोळीतल्या दुसऱ्या माणसानं सगळ्यांदेखत सांगितलं. त्यांनी रात्री फोनवर पोरीला असं काही सुनावलं की ती तीन दिवस वर्गात बोलली नाही. नंतर कळलं, त्या संध्याकाळी तिची आजी तापानं पडली होती आणि स्वयंपाक पोरीनं केला होता. चौथीतली पोर. मी तिची माफी मागितली, वडिलांनाही फोन करून माझी चूक सांगितली. त्या दिवसापासून गटावर कुणाही एका मुलाबद्दल काही येत नाही. कौतुकसुद्धा नाही, कारण ज्याचं नाव येत नाही त्याची आई ते मोजत असते. एकेकाचं बोलायचं ते एकेकाशी, महिन्यातून एकदा, पाच मिनिटांच्या फोनवर.

त्या फोनवर काय बोलायचं, हे जास्त अवघड. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक (वर्षभर चालणारं), संकलित (सत्राच्या शेवटचं), श्रेणी, वर्णनात्मक नोंदी, सगळं प्रगतिपुस्तकात भरलेलं असतं. पण एक वडील मला म्हणाले, "बाई, अ-२ म्हंजी पास का?" आणि नोंद काय, तर 'वाचनात रस घेतो'. मुलाला वाचता येतं की नाही, हे त्या वाक्यातून मलाही कळलं नसतं. म्हणून फोनवर मी एवढंच सांगते : "तो जोडाक्षर आलं की थांबतो. 'रस्ता' वाचायला त्याला वेळ लागतो. बाकी ओळ तो नीट वाचतो. आजीला सांगा, रोज दुकानाची पाटी वाचून घ्या." खरं सांगायला कचरू नये. मूल मागं आहे हे पालकाला एप्रिलमध्ये सांगून काही उपयोग नसतो. नोव्हेंबरात सांगितलं तर काही करता येतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाचं हे कर्तव्यच लिहिलंय : पालकांना नियमित भेटायचं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती सांगायची. आपण बहुतेकदा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त लिहून मोकळे होतो. माझ्यासाठी वर्षातली सगळ्यात महत्त्वाची भेट टोळ्या निघण्याच्या आधीची. ती शाळेत दुपारी घेतली तर कुणी येत नाही, दिवसाची मजुरी बुडते. म्हणून मी ती मारुतीच्या देवळात रात्री आठला घेते. भाषण नाही. प्रत्येक मुलाच्या दोन वह्या काढून ठेवलेल्या असतात, एक जूनमधली आणि एक आत्ताची.

मागच्या वर्षी एक बाप असाच दोन्ही वह्या मांडीवर घेऊन बसला होता. त्याला अक्षरओळख नाही. त्यानं जूनचं पान बघितलं, मग ऑक्टोबरचं. बोटानं ओळीखालून रेघ ओढत गेला. म्हणाला, "ही आधी डोंगर चढत होती. आता सपाटीला आली." मुलीचं अक्षर खरंच आधी तिरपं वर जायचं. मग तिनं शेजारी बसून त्याला आठ ओळी वाचून दाखवल्या. तो वहीकडे बघत नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता. जाताना त्यानं जूनचं पान मागितलं. मी ते फाडून दिलं. त्यानं घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं.

रोजचा वेळ किती जातो, हेही सगळे विचारतात. फळ्याचं मुलंच करतात. निरोपाला पाच मिनिटं. फोन दिवसाला एक-दोन. सुरुवातीला जास्त लागतो, कारण नंबर मिळवणं हेच मोठं काम आहे. सिम बदलतात, रिचार्ज संपतं, फोन बापाच्या खिशात आणि बाप गाडीबरोबर कारखान्यावर. म्हणून तुम्ही नवे असाल तर दसऱ्याच्या आठवडाभर आधी बसा आणि प्रत्येक मुलापुढं तीन नंबर लिहून घ्या : आईकडे असेल तो, बापाचा आणि टोळीच्या मुकादमाचा. तिन्ही तिथंच लावून बघा, वाजतात का. आणि आजीला समोर बसवून विचारा, तुम्हाला काय काय येतं.