दिनकरला घरी आणताना

कादंबरीचा शेवटचा खर्डा हातावेगळा झाला तेव्हा तिच्यात स्फोटाचं प्रकरण उरलं नव्हतं. ते लिहून झालं होतं, बरं उतरलंही होतं, पण मी ते समजून उमजून काढलं. मला कादंबरीतला फौजी दिनकर दाखवायचा होता तो त्यानंतरचा. सातारा स्टेशनावर काळी पेटी उतरवून घेतलेला, रिक्षावाल्यांना नको नको म्हणत फलाटावरच रेंगाळणारा, घरी जायला धजत नसलेला. लढाईच्या गोष्टी आमच्याकडं पारावर ऐकायला मिळतात. परत आलेल्या माणसाच्या घरात रात्री काय चालतं, ते मात्र भिंतीच्या आतच राहतं.

साताऱ्यात फौज ही परकी गोष्ट नाही. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली इथं सुरू झालं. अपशिंगे गावाच्या तर नावापुढंच 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले आणि त्यांचं स्मारक गावात आहे. आजही भल्या पहाटे कुठल्याही रस्त्याला गेलात तर भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. शिपाई असो, नायक असो, सुट्टीवर आला की गाव त्याला 'मेजर' म्हणतं. त्या हाकेत मान आहे, माया आहे. पण त्या हाकेला ओ देणाऱ्यानं 'मला झोप लागत नाही, मला भीती वाटते' हे कुणापाशी बोलावं? हा प्रश्न मला सोडेना, म्हणून लिहायला बसले.

दिनकर मराठा लाइट इन्फन्ट्रीतला, नायक हुद्द्याचा जवान. काश्मीरमध्ये त्याची ड्युटी रोड ओपनिंग पार्टीत. लष्कराच्या गाड्यांचा ताफा निघण्याआधी जवानांची तुकडी सकाळी रस्ता पायी तपासत जाते. मोऱ्या, पूल, कडेचे दगडांचे ढीग, नव्यानं उकरल्यासारखी दिसणारी माती, सगळं बघायचं, आणि मग ताफे जाईपर्यंत रस्त्यावर पहारा द्यायचा. त्या सकाळी दिनकरचा पाय मुरगळलेला असतो. जोडीदार म्हणतो, 'तू मागं थांब, पुढं मी जातो.' मोरीखाली स्फोटकं पुरलेली असतात. जोडीदार जातो. दिनकरच्या अंगावर ओरखडासुद्धा उठत नाही, आणि त्याचं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

गावाकडं येणाऱ्या रस्त्यावर ओढा आहे आणि ओढ्यावर मोरी आहे. दिनकर तिच्यावरून जात नाही. एस.टी.तून अलीकडच्या फाट्यावर उतरतो आणि उसाच्या बांधाबांधानं वळसा घालून घर गाठतो. लोकांना वाटतं, मेजर आल्या आल्या शेत बघतो, कष्टाळू आहे. ही मोरी मला कोरेगावच्या रस्त्यानं जाताना सुचली आणि तिथून पुढं कादंबरीनं वाट धरली. दिवाळीचे फटाके, विहिरीचे सुरुंग हे कुणालाही सुचतं. ते मी अगदी जपून वापरले. अशा प्रसंगाची आठवण आवाजालाच चिकटून राहील असं नाही. त्या वेळी जे काही आजूबाजूला होतं त्या कशालाही ती चिकटते. वासाला, उजेडाला, दिवसाच्या एखाद्या प्रहराला. दिनकरला छळतो तो ओल्या मातीचा आणि डिझेलच्या धुराचा एकत्र वास. गळीत हंगामात पहाटेच्या धुक्यात उसाचे ट्रॅक्टर निघतात आणि घराघरांत तो वास भरतो. बायको सुनंदा खिडकी लावते, तर तो ती उघडायला लावतो, कारण बंद खिडकीतून बाहेरचं दिसत नाही.

माहितीसाठी मी एका निवृत्त सुभेदारांकडं जाऊन बसायची. त्यांना मी आबा म्हणते. फौजेतलं त्यांनी मला भरभरून सांगितलं. सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी असल्याची नोंद, कशी करतात, चहा किती वाजता येतो, सुट्टी मंजूर झाल्याचं कळल्यावर माणूस पेटी कशी भरतो. त्यांच्या स्वतःच्या रात्रींबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही, आणि मीही विचारलं नाही. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी, काकी. आबा डेअरीला दूध घालायला गेले होते, काकी मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांना उठवायचं आसंल तर जवळ जायचं न्हाई बघ. दारात उभं ऱ्हायचं. भांडं वाजवायचं न्हाई, हाक मारायची न्हाई. 'दूध तापवायला ठेवलंय' म्हणायचं, हळू. डोळं उघडलं की मग आत जायचं."

मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवतंय? एकदा जवळ जाऊन हलवलं होतं." आणि त्यांनी मेथीची दुसरी जुडी सोडली.

त्यांची परवानगी घेऊन मी ते दूध सुनंदाला दिलं. या कादंबरीत मला सर्वांत जवळचं वाक्य कोणतं असं कुणी विचारलं, तर मी तेच सांगेन.

सांगलीतल्या एका मनोविकारतज्ज्ञांनी मला खूप वेळ दिला. जबर आघातानंतर मनाला जडणाऱ्या या आजाराला आज डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. त्या नावानं हा आजार वैद्यकीय यादीत आला १९८० साली. माणसाचा त्रास अर्थात त्याहून फार जुना. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं 'शेल शॉक' या नावानं अशा सैनिकांबद्दल लिहिलं. त्याच महायुद्धात पळ काढल्याच्या, भ्याडपणाच्या अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्यानं आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना २००६ साली माफी मिळाली. त्यांतले कितीतरी मनानं कोलमडलेले असणार, हे मान्य व्हायला नव्वद वर्षं गेली. हे कळल्यापासून अपशिंग्याच्या स्मारकाचा विषय निघाला की माझ्या मनात जे परत आले त्यांचा विचार येतो. त्यांच्या घरात दूध कुणी तापवायला ठेवलं असेल?

डॉक्टरांनी सुरुवातीची प्रकरणं वाचली आणि म्हणाले, "याला एवढ्या लवकर रडवू नका. रडणं बरंच पुढचं आहे. आधी तो बधिर असतो." मग मी दिनकरची मुलगी प्रगतिपुस्तक घेऊन येते तो प्रसंग लिहिला. वर्गात पहिली आली आहे. तो सही करतो, 'छान' म्हणतो, आणि तिच्या खांद्यावरून त्याची नजर दाराकडं जाते, कडी लागली आहे का बघते. मुलगी वही मिटून निघून जाते. त्याला कळतं की आत्ता आपल्याला आनंद व्हायला हवा होता, तो शोधूनही सापडत नाही. गोळ्यांच्या आवाजापेक्षा हे लिहायला अवघड होतं.

उपचाराकडं त्याला नेते ती सुनंदा. एका रात्री ती पडवीत बसून १४४१६ हा नंबर लावते. सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. कादंबरीत खरा नंबर द्यावा की नाही यावर मी थोडी अडखळले, पण दिला. वाचणाऱ्या एखाद्या घराला तो लागू शकतो.

उपचारांबद्दल ऐकलं तेव्हा माझ्यातली लेखिका ताठ बसली. एका पद्धतीत रुग्णाला डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायला लावतात, जणू आत्ता घडतो आहे असा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्याचं रेकॉर्डिंग करतात आणि घरी जाऊन तो ते ऐकतो. साधारण ८ ते १५ बैठका लागतात. स्फोटाचं प्रकरण मी का काढलं त्याचं उत्तर इथं आहे. सगळी कादंबरी भूतकाळात आहे, फक्त डॉक्टरांच्या खोलीत दिनकर वर्तमानकाळात बोलतो. पहिल्या खेपेला चार ओळी, रिपोर्ट दिल्यासारख्या. पुढच्या खेपेला रस्त्याकडेचं अक्रोडाचं झाड येतं. मग जोडीदार शीळ घालत होता, हे आठवतं. आणि अगदी उशिरा तो ती गोष्ट बोलतो जी त्यानं सुनंदालाही सांगितलेली नाही: 'तो म्हणतो पुढं मी जातो, आणि मला बरं वाटतं. मला हायसं वाटतं, डॉक्टर.'

त्या हायसं वाटण्याची शिक्षा तो दोन वर्षं भोगत असतो. डॉक्टर त्याला 'तुझा दोष नाही' म्हणून समजूत घालत नाहीत. ते विचारतात, "त्या क्षणी, मोरीच्या अलीकडं उभं असताना, तुम्हाला काय माहीत होतं?" दुखरा पाय, थंडी, जोडीदाराची शीळ, एवढंच माहीत होतं. पुढचं सगळं नंतर कळलेलं आहे, आणि दिनकर ते नंतरचं ज्ञान त्या सकाळच्या दिनकरवर लादतो आहे. बॉम्ब कुणी पुरला, हा साधा प्रश्न त्यानं स्वतःला कधी विचारलेलाच नसतो. इथं मी दिनकरच्या वडिलांनाही आणलं. ते शिकलेले नाहीत, पण गावातल्या सप्ताहात प्रवचनं ऐकलेली आहेत. ते म्हणतात, "बाबा, धर्मराजानं युद्ध जिंकलं तरी त्याला राज्य नको झालं होतं. कर्णापायी तळमळत होता. समजवायला भाऊ आलं, द्रौपदी आली, व्यास आलं, क्रिस्न आला. तू एकटा बसून कसा निभावशील?" शांतिपर्वाची सुरुवात खरोखरच अशी आहे. त्या म्हाताऱ्याचा आधार मला डॉक्टरांच्या तोडीचा वाटतो.

मोरीचं प्रकरण मी सावकाश लिहिलं. उपचारातही ते सावकाशच असतं. आधी बांधावरून नुसतं बघायचं. छाती धडधडते, घाम सुटतो, तरी भीती चढत असताना पाठ फिरवायची नाही. थांबलं की ती आपोआप उतरते, पण हे शरीराला स्वतःला कळावं लागतं. दर वेळी टाळून सुटका झाली की शरीर उलटंच शिकतं, की टाळलं म्हणून वाचलो. मग थोडं जवळ. मग सुनंदाबरोबर ओलांडायची, मग एकट्यानं. एका संध्याकाळी तो मोरीच्या कठड्यावर बसतो, खालून ओढ्यात म्हशी पाणी पीत असतात, आणि गावातला कुणीतरी सायकलवरून जाताना नुसतं 'काय मेजर' म्हणतो. त्या माणसाला काहीच माहीत नाही. मला तसंच हवं होतं.

यातून माणूस वाढतो का, हा प्रश्न मला शेवटपर्यंत पुरला. 'दुःखानं माणूस घडतो' हे वाक्य मला मान्य नाही. जोडीदाराच्या मरणाच्या बदल्यात दिनकरला शहाणपण मिळालं, असं लिहिणं त्या मेलेल्या पोराचा अपमान आहे. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या वाढीचा अभ्यास केला आणि १९९६ मध्ये ती मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांचं म्हणणं मला पटलं: वाढ त्या आघातातून होत नाही, नंतरच्या झगड्यातून होते, आणि ती झाली म्हणून त्रास जातोच असं नाही. दोन्ही एका घरात नांदतात.

म्हणून माझा दिनकर शेवटीही दाराकडं तोंड करूनच बसतो. लग्नात बँड सुरू झाला की मांडवाबाहेर जातो. पण आता मुलीला सांगून जातो. पहाटे भरतीच्या पोरांबरोबर पळतो आणि त्यांना सांगतो की मन बिघडलं तरी सिक रिपोर्ट करायचा असतो, त्यात कमीपणा नाही. आणि तो जतला जातो, जोडीदाराच्या घरी. त्या प्रकरणासाठी आबांनीच मला एक गोष्ट दिली, आपणहून. ते एकदा एका जवानाचं पार्थिव घेऊन त्याच्या गावी गेले होते. सगळं आटोपल्यावर त्याच्या आईनं त्यांना बाजूला घेतलं आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लं हुतं त्यानं?" आबांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. दिनकर दोन वर्षं ज्या घराला घाबरत होता, तिथं त्याला हाच प्रश्न येतो, आणि जगात त्याचं उत्तर त्या एकट्याकडं असतं.

हस्तलिखित मी दोघांना वाचून दाखवलं. आबांनी फौजेच्या बारीकसारीक तपशिलांत दुरुस्त्या सांगितल्या, त्या सगळ्या केल्या. काकी शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दिनकरला झोप लागाय लागली, बरं झालं. सुनंदाला कवा लागती?"

सध्या मी तेच लिहिते आहे. सैनिकाच्या बायकोचं शरीरही वर्षानुवर्षं पहाऱ्यावर राहतं, कुशीवर झालेल्या हालचालीनं ती जागी होते, आणि नवरा बरा झाला म्हणून तिची ड्युटी त्या दिवशी संपत नाही. काकी सांगतात आणि मी टिपून घेते. या खेपेला आबा डेअरीला जाईपर्यंत आम्ही थांबत नाही.