तीन सिस्टीम, एक मशीन आणि एक सही

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या आमच्या ऑफिसातली तीन जुनी मशीनं काढून एकाच पॉवर-८ सर्व्हरवर, आयबीएमच्या एस-८१४ वर, आयबीएम आय, एआयएक्स आणि लिनक्स या तीन ऑपरेटिंग सिस्टीम बसवल्या. प्रत्येकीला मशीनचा वेगळा हिस्सा, म्हणजे पार्टिशन. दोन शनिवार-रविवारात काम उरकलं. डोकं फिरलं ते नंतर, फर्मवेअर (मशीनचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर) बदलायच्या वेळी.

छोटे फिक्स बरेचदा चालू मशीनवर चढतात, पण नवी रिलीज म्हणजे अख्खं मशीन बंद. पूर्वी पगाराचं मशीन बंद केलं तर स्टोअर्सला पत्ताही नसायचा. आता बिलिंग आयबीएम आयवर, पगार एआयएक्सवर, ई-वे बिलाचं काम लिनक्सवर. म्हणजे शटडाऊनच्या फॉर्मवर चार खात्यांच्या सह्या. मागितले किती, तर चार तास!

अकाउंट्सचे काका म्हणाले, “११ ला जीएसटीआर-१, २० ला थ्री-बी, मधे बोलू नकोस.” एचआरच्या ताईंना १५ च्या आत पीएफ भरायचा. डिस्पॅचचा महिनाअखेर. रविवार सुचवला, तर पीथमपूरचा ग्राहक रविवारीही गाड्या मागवतो म्हणे. “अरे, बंद करायला तो काय घरचा मिक्सर आहे?” हेही ऐकलं. एकदा फॉर्म परत आला तो चहाच्या गोल डागासकट, आणि डिस्पॅचच्या सहीच्या जागी नुसतं ‘चर्चा करावी’. कुणाशी, ते नाही. पाचव्या आठवड्यात मी पोहे मागवून डिस्पॅचच्याच टेबलासमोर बसलो आणि उठलोच नाही. शनिवार रात्री ११ ते ३ मिळाले. काम पावणेतीनला संपलं, हे मुद्दाम सांगतोय.

खरं तर अडीचलाच संपलं असतं. आमच्या लिनक्सची डिस्क आयबीएम आयकडून येते. तिकडे ती डिस्क पुरवणारा ‘नेटवर्क सर्व्हर’ व्हेरी ऑन, म्हणजे चालू, करायच्या आधीच घाईत मी लिनक्सचं पार्टिशन सुरू केलं. डिस्क सापडेना, बूट होईना. बंद करताना लिनक्स आधी, आयबीएम आय शेवटी. चालू करताना उलट. कागदावर लिहून एचएमसीच्या, म्हणजे पार्टिशन सांभाळणाऱ्या कन्सोलच्या, स्क्रीनला चिकटवा.

फायदा नाही असं नाही. प्रोसेसर अनकॅप्ड, म्हणजे ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त घेता येतील असे, ठेवलेत, त्यामुळे महिनाअखेरीला बिलिंग पगाराच्या पार्टिशनची रिकामी ताकद ओढून घेतं. पार्टिशनांमधली डेटाची देवाणघेवाण मशीनच्या आतल्या आतच होते, बाहेरचा स्विच लागत नाही. मात्र एबसिडिक-ॲस्कीचं (आयबीएम आय आणि बाकी दोघांच्या अक्षरं साठवायच्या वेगळ्या पद्धतींचं) रूपांतर तपासा, आमची नावांमधली देवनागरी एकदा चौकोन होऊन आली होती. शिवाय माणूस एक नि सिस्टीम तीन: रात्री दोनला एआयएक्सच्या टोपास कमांडच्या जागी आयबीएम आयची वर्कॲक्टजॉब टाइप होते.

आणि हो, आयबीएम आयचा पूर्ण सेव्ह (सगळ्याचा बॅकअप) रिस्ट्रिक्टेड स्टेटमध्ये, म्हणजे बाकी सगळी कामं थांबवून, घेतो तेव्हा आमचं लिनक्सही खाली जातं. म्हणजे पुन्हा तोच फॉर्म. आता त्यात ‘पूर्ण सेव्ह’ ही ओळ मीच पेनाने घातली आहे, आणि डिस्पॅचची सही सगळ्यात आधी घेतो.